पांदणीवरची वॅगन-आर

'ऑफ-रोड' हा शब्द आमच्या घरात मुलांच्या मोबाईलमधून आला. त्याआधी त्या प्रकाराला आम्ही पांदण म्हणत होतो, आणि पांदणीतून जाण्याला कुणी साहस समजत नव्हते. एकोडीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आषाढात रोवणी सुरू झाली की लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर पांदणीतून ये-जा करतात आणि दोन बाजूंना गुडघाभर खोल चाकोऱ्या पडतात. मधला उंचवटा तसाच राहतो. बैलगाडीला त्याचे काही वाटत नाही, मोटारसायकल कशीबशी निघते. आमच्या वॅगन-आरसारख्या घरगुती गाडीचे पोट मात्र नेमके त्या उंचवट्यावर टेकते.

आमची खालाजान अशाच एका पांदणीच्या टोकाला, शेतातल्या घरात राहतात. खालूजानच्या इंतकालनंतर त्यांनी गावात येऊन राहावे म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "बेटा, या घराच्या भिंती मी स्वतः लिपल्या आहेत. मला इथून उचलायचे तर एकदाच उचला." त्यावर काय बोलणार? पुढे त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना सांगायला नको की डायलिसिसची पाळी चुकवता येत नाही. शरीरातले पाणी बाहेर पडले नाही तर ते फुप्फुसात साचते, श्वास लागतो. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथून आतले अंतर आपले. गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी आम्ही त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाट टाकून, वर ताडपत्री धरून डांबरीपर्यंत आणले. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. गाडीत बसल्यावर एवढेच म्हणाल्या, "जनाजा असाच निघतो."

त्या वाक्यानंतर घरात गाडीचा विषय निघाला तो थांबलाच नाही.

नागपूरच्या भाईजाननी लगेच उपाय सांगितला. मोठी एसयूव्ही घ्या, शाळेतल्या माणसाला कर्ज कोणीही देतो. आम्ही हिशोब मांडून पाहिला, जसा वर्गात फळ्यावर मांडतो तसा. १० लाखांचे कर्ज, साडेनऊ टक्के दर, सात वर्षे. हप्ता येतो सोळा हजार तीनशेच्या वर. ८४ हप्त्यांचे मिळून पावणेचौदा लाखांच्या जवळ. म्हणजे पावणेचार लाख रुपये निव्वळ सूद. सूद देणे आमच्या घरात जायज नाही, ही पहिली गोष्ट. पण ज्याला ती गोष्ट तितकी महत्त्वाची वाटत नाही त्यानेही दुसरी पाहावी. त्या पावणेचार लाखांत खालाजानच्या पांदणीवर किती ट्रॉल्या मुरूम पडला असता? भाईजान हसले. म्हणाले, "तुम्ही मुरूमच मोजत बसा." आम्ही खरोखरच पुढे मुरूम मोजला, पण ते नंतर.

दुसरा उपाय आमच्या दहावीतल्या मुलाकडे होता. त्याच्याकडे आखाती देशांतल्या वाळवंटात उड्या मारणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ होते. गाडी चार इंच उचलायची, समोर लोखंडी बंपर, टपावर दिव्यांची रांग, चाके बाहेर आलेली. "अब्बू, हे सगळं वॅगन-आरला होतं. लोक करतात." लोक करतात हे खरे आहे. पण मोटार वाहन कायदा, १९८८, याचे कलम ५२ असे सांगते की कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पक्के केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक अशा बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. समोरच्या लोखंडी बंपरवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. टक्कर झाली की त्या बंपरमुळे एअरबॅगच्या सेन्सरला धक्का नीट कळत नाही, आणि समोर चालणाऱ्या माणसाला मार जास्त लागतो. शिवाय बदल कळवला नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो तो वेगळाच. मुलाचे तोंड उतरले. पण कायद्याच्या आतही बरेच काही करता येते असे सांगितल्यावर तोच वही घेऊन बसला.

मुलाला आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो. खेड्यातल्या माणसासाठी साधी गाडी हा विचार नवा नाही. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीने '२ सीव्ही' नावाची गाडी काढली, १९४८ मध्ये ती लोकांसमोर आली. ती बनवणाऱ्या इंजिनियरांना सांगितले होते की दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे तिच्यात बसले पाहिजेत, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एक अंडे फुटता कामा नये. इंजिन इवलेसे होते. सारी करामत लांब आणि मऊ सस्पेन्शनची. आपल्याकडे ज्या जीपमागे अख्खा विदर्भ लटकून फिरला, ती इथे आणणाऱ्या कंपनीचे १९४५ मधले मूळ नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते हे किती जणांना माहीत आहे? त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. मुलाला अंड्यांची गोष्ट जास्त आवडली. खालाजानना दोन्ही आवडल्या.

आम्ही खर्चाची मर्यादा ३० हजार ठरवली. भिशीचा नंबर लागला होता, तेवढेच पैसे हातात होते. मग साकोलीच्या आमच्या नेहमीच्या उस्तादांकडे गेलो. उस्ताद म्हणजे तीस वर्षे काळी-पिवळीच्या जीपा दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी गाडीखाली डोके घातले, बाहेर आले आणि म्हणाले, "सर, गाडी उचलायची गोष्ट मग करू. आधी ती बसली आहे, तिला उभी करू."

यातच अर्धी गोष्ट आली. कंपनीच्या कागदावर आमच्या गाडीचे पोट जमिनीपासून १६५ मिलिमीटर वर आहे, म्हणजे साडेसहा इंच. पण ते नव्या आणि रिकाम्या गाडीचे माप. ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या स्प्रिंगा दबतात, शॉकअपमधले तेल गळते, रबराचे बुश झिजतात. त्यात पाच माणसे बसली की मागचा भाग आणखी खाली. उस्तादांनी टेप लावून दाखवले तेव्हा माप साडेपाचच्या आसपास निघाले. चारही शॉकअप, मागच्या दोन स्प्रिंगा आणि बुश कंपनीचेच बदलले, मजुरीसकट ९,२०० रुपये. गाडी पुन्हा आपल्या मूळ उंचीवर आली. एक इंच परत मिळवायला ना परवानगी लागली ना काही लपवाछपवी. बाजारात स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायचे रबरी तुकडे मिळतात, शे-पाचशेपासून दोन हजारांपर्यंत. उस्तादांनी ते घालायला नकार दिला. त्याने स्प्रिंगचा तेवढा वेढा मरतो, धक्का थेट शॉकअपच्या माथ्यावर जातो आणि आत बसलेल्या आजारी माणसाची हाडे खिळखिळी होतात. आम्हाला तर अंडे न फोडणारी गाडी हवी होती.

मग टायर. इथे मुलाशी पुन्हा वाद झाला. आमच्या गाडीला १५५/८० आर १३ मापाचा टायर येतो. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची उंची, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. मुलाने १६५ चा हिशोब करून आणला. टायरचा व्यास १६ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडी ८ मिलिमीटर वर जाते. हिशोब बरोबर होता, पूर्ण गुण. पण ८ मिलिमीटर म्हणजे एका बोटाची रुंदीही नाही, आणि त्यासाठी स्पीडोमीटर पावणेतीन टक्के कमी वेग दाखवणार, स्टिअरिंग जड होणार. आम्ही माप तेच ठेवले आणि जाड बाजूभिंतीचे, खोल नक्षीचे टायर घेतले. चार टायर १४,४०० ला पडले. सर्वात मोठा खर्च हाच. पण चिखलात गाडी आणि जमीन यांच्यात दुसरे काही नसते, तळहाताएवढे चार रबरी ठसे एवढेच असतात.

पोटाखाली चेंबरला जपण्यासाठी लोखंडी पत्रा लावला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या कारागिराने तीन मिलिमीटरचा पत्रा कापून दिला, २,३०० रुपयांत. वजन सुमारे १० किलो. चॅसिला एकही भोक पाडले नाही, वेल्डिंग नाही, आहेत त्याच बोल्टांच्या जागी बसवला. तेल बदलण्यासाठी खाली झाकण आणि हवेसाठी खिडक्या ठेवल्या, नाहीतर इंजिनची उष्णता कोंडते. दर दोन महिन्यांनी पत्रा काढून आत साचलेला चिखल धुवावा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. खालच्या बाजूला गंजरोधक थर दिला त्याचे १,८०० गेले. हवा भरायचा छोटा पंप १,६०० ला, गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा. ओढायचा पट्टा, छोटे फावडे आणि जुन्या दाराच्या दोन फळ्या मिळून ९००. एकूण ३०,२००. मर्यादेपेक्षा २०० रुपये जास्त झाले, ते मुलाने आपल्या ईदीतून भरले आणि आता तो गाडीत आपला हिस्सा आहे असे सांगत फिरतो.

पंपाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण सगळ्या वस्तूंत आम्हाला सर्वात जास्त त्याचाच उपयोग झाला. चिखलात किंवा भुसभुशीत मातीत शिरण्याआधी टायरमधली हवा पाच-सहा अंकांनी कमी करायची. टायर थोडा पसरतो, जमिनीला जास्त धरतो आणि गोटे-खड्ड्यांचा दणका स्वतः गिळतो. डांबरीवर आलो की दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कंपनीने दिला आहे तेवढी हवा परत भरायची. हे परत भरणे विसरून चालत नाही. कमी हवेने महामार्गावर पळालेला टायर तापतो आणि फुटतो.

बाकी सगळे मातीवर अवलंबून. आपल्या भंडाऱ्यात मातीला नावे आहेत ती उगीच नाहीत. बरडी मुरमाड असते, पावसातही चाक धरते. सिहार धानाची माती, रेताड असल्याने पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत जाण्यासारखी होते. मोरांड मधली. आणि कन्हार, काळी, चिकट! कन्हार ओली असेल तर टायरच्या नक्षीत ती अशी भरते की टायर गुळगुळीत होतो, मग टायर कितीही महागाचा असो. खालाजानच्या पांदणीत पहिला तुकडा बरडीचा, मग सिहार, आणि शेवटचे दीडशे-दोनशे पावले कन्हार. तेवढ्या तुकड्यात चाकोरीत उतरायचे नाही. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक धुऱ्याच्या कडेला ठेवून पहिल्या किंवा दुसऱ्या गियरमध्ये, न थांबता, न पळवता जायचे. आमची गाडी पुढच्या चाकांवर ओढते. मागे तीन माणसे बसून चढ चढायचा असेल तर पुढचा भाग हलका होतो आणि चाके नुसती फिरतात. अशा वेळी माणसे उतरवून गाडी उलटी फिरवायची आणि रिव्हर्समध्ये चढायची, म्हणजे इंजिनचे वजन ओढणाऱ्या चाकांवर राहते. हे आम्हाला उस्तादांनी शिकवले. गावातल्या पोरांनी पाहिले तेव्हा मास्तर गाडी उलटी चालवतात म्हणून दोन दिवस हसत होती.

पाण्याबाबत मात्र हसण्यासारखे काही नाही. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर आमची गाडी अलीकडेच थांबते, पत्रा असो की नवे टायर असोत. फूटभर वाहते पाणी छोट्या गाडीला तरंगवायला पुरेसे असते. उभ्या पाण्यातसुद्धा चाकाच्या मध्यापर्यंतच. इंजिनने पाणी ओढले आणि गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही. पाणी दाबले जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग ३० हजारांत काही भागत नाही.

बंधू-भगिनींनो, साहसाचा भागही आहेच, नाहीतर मुले आम्हाला माफ करणार नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत आणि नंतरच्या हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही कुठल्या तरी बोडीवर किंवा मालगुजारी तलावाच्या पाळीवर जातो. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले हे तलाव आमच्या जिल्ह्याची खरी मिळकत. नवेगावबांध तर शेजारच्याच जिल्ह्यात. मागची सीट आडवी केली की दरी, पाण्याची कॅन, डबे, जानमाज सगळे मावते. जोहरची नमाज पाळीवर, झाडाखाली. हिवाळ्यात पाण्यावर परदेशी बदके उतरलेली असतात, मुले मोजतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा निघतो. जंगलातल्या वाटांवर मात्र गाडी घालत नाही. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि परवान्याशिवाय आत शिरणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पिटेझरीच्या गेटवरून परवाना काढून जिप्सीत बसावे. मुलाला जिप्सी पाहूनच अर्धा आनंद होतो. ओल्या शेतातूनही गाडी घालत नाही. कुणाची मेहनतीची बांधी चाकाखाली तुडवून मिळवलेली मजा कसली?

आता मुरूम. या पावसाळ्याआधी, मे महिन्यात, आम्ही पांदणीच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना भेटलो. गावनकाशात ती वाट दुबार तुटक रेषेने दाखवलेली आहे, म्हणजे गाडीवाट, कुणाच्या मालकीची नाही. धुरे सरकत सरकत ती काही ठिकाणी आठ फुटांवर आली होती. तहसीलदाराकडे जाता येते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, आणि असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने अडथळा काढता येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आली होती, तिचा प्रस्ताव ग्रामपंचायतीने द्यायचा होता. आम्ही कागद तयार ठेवले, पण आधी चहा घेऊन गेलो. रस्त्यातली इजा देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग आहे, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. शेजारच्या पाटलांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "आमच्यातही तेच आहे गुरुजी, फक्त कुणी करत नाही." त्यांनी ट्रॅक्टर दिला, डिझेल आमचे. कन्हारच्या तुकड्यावर सहा ट्रॉल्या मुरूम पडला. मुलांनी आणि शेजाऱ्यांनी दोन रविवार तो पसरवला. पाटलांनी आपला धुरा दोन हात मागे घेतला, न मागता.

खरे सांगायचे तर गाडीवरच्या तीस हजारांपेक्षा त्या सहा ट्रॉल्यांनी जास्त काम केले. पण गाडीवर हात फिरवला नसता तर आम्ही मातीकडे इतके बारकाईने पाहिलेच नसते, कुठले वीस पावले अडवतात ते कळले नसते.

या पावसाळ्यात खालाजानची एकही पाळी चुकली नाही, अल्हम्दुलिल्लाह. फजर झाली की गाडी काढायची, पांदणीच्या तोंडाशी हवा कमी करायची. त्या दाराशी तयार बसलेल्या असतात, हातात तसबीह आणि पिशवी. वॅगन-आरचे आसन उंच आहे, गुडघे न वाकवता बसता येते. चढायला एक लाकडी पाट केला आहे तो मुलगा ठेवतो आणि उचलतो. पहिल्या दिवशी त्यांनी दरवाजाची दांडी घट्ट धरून सफरची दुआ दोनदा म्हटली. आता एकदाच म्हणतात आणि उरलेल्या वेळात आम्हाला गाडी कशी चालवायची ते सांगतात. कुठे चाकोरी आहे, कुठे पाणी झिरपते, ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. चाळीस वर्षे त्या या वाटेने डोक्यावर भारे घेऊन चालल्या आहेत.

सप्टेंबरच्या पावसात बरडी आणि सिहार यांच्या मधोमध पाटाचे पाणी पांदणीवरून वाहू लागले. तिथे सिमेंटचा पाइप टाकून मोरी करावी लागणार आहे. पाटील म्हणतात धान निघाल्यावर करू. भिशीचा पुढचा नंबर पाटलांचाच आहे.